घरची उपासना : आहुप्याच्या रोजनिशीतील पाने

२३ जून २०२४, रविवार

धुकं इतकं दाट आहे की अंगणापलीकडचं वसतिगृह दिसत नाही. आहुपे म्हणजे घाटमाथ्याची कड. गाव संपलं की कडा तुटतो आणि खाली मुरबाडचा मुलूख लागतो. पावसाळ्यात ढग कडा चढून थेट खोलीत शिरतात. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची पानं ओलीने फुगली होती, सासूबाईंनी पुस्तक सकाळीच चुलीजवळ उभं करून ठेवलं.

आमची चर्चची मंडळी नगरला. रविवारच्या उपासनेला वेळेवर पोहोचायचं तर शनिवारीच एसटीने घोडेगाव गाठायला हवं, आणि शनिवारी शाळा असते. म्हणून मी शिकवते त्या आश्रमशाळेच्या क्वार्टरची पुढची खोली हेच आमचं मंदिर. सासूबाई, थोरली, धाकटा आणि मी. मुलांचे बाबा नोकरीमुळे नगरला असतात, सुट्टी जोडून मिळाली की येतात. आधी एक गीत, बहुधा ना. वा. टिळकांचं, कारण त्यांच्या अभंगांना सासूबाईंचे टाळ बरोबर बसतात. मग वाचन, मग त्यावर मुलांनी बोलायचं, शेवटी प्रभूची प्रार्थना.

आज मार्काच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी होता. धाकट्याने विचारलं, “येशूने त्याला हात कशाला लावला? नुसतं ‘बरा हो’ म्हटलं असतं तरी झाला असता की.” मी उत्तर शोधत होते, तोवर सासूबाई म्हणाल्या, “अरे, त्याला किती वर्षांत कुणी हातच लावला नव्हता.” त्यानंतर धाकटा बराच वेळ गप्प होता. मोठ्या मंदिरात पाळकांचा उपदेश चालू असताना सात वर्षांचं पोर मध्येच हात वर करत नाही. घरी करतं. घरच्या उपासनेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

ही काही नवी रीत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना सांगितलंय ते घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलायला. १५२९ साली मार्टिन ल्यूथरने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तीही घरातल्या कर्त्याने आपल्या माणसांना शिकवावी म्हणून. त्याच्या आदल्याच वर्षी तो सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्या फिरून पाहून आला होता. लोक रविवारी देवळात येत होते, पण त्यांना साधी प्रभूची प्रार्थनाही धड येत नव्हती.

२६ जून, बुधवार

संध्याकाळी आम्ही गात असताना दारात वसतिगृहातल्या चार-पाच मुली येऊन उभ्या राहिल्या. टाळ ऐकून आल्या होत्या. एक म्हणाली, “बाई, आमच्याकडे बी भजन असतं. आम्ही बसू का?”

मी त्यांना प्रत्येकीला शेंगदाण्याची वडी दिली आणि वसतिगृहापर्यंत सोडून आले. थोरलीला ते अजिबात आवडलं नाही. “त्या नुसत्या ऐकत होत्या. देवाचं गाणं ऐकायला कुणाला कशाला अडवायचं?”

मग तिला समोर बसवून सांगितलं. ही शाळा सरकारी पैशावर चालते. अशा शाळेत कुठल्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, असं राज्यघटनेच्या २८व्या कलमात आहे. पण कलम नसतं तरी मी हेच केलं असतं. त्या मुलींच्या आईबापांनी त्या माझ्याकडे गणित आणि मराठी शिकायला सोपवल्या आहेत. घरापासून लांब राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला बाईंचा लळा लागतो, आणि बाई म्हणेल ते तिला खरं वाटतं. त्या लळ्याचा उपयोग करून तिला माझ्या देवाकडे वळवणं हा तिच्या आईचा विश्वासघात ठरेल. “तुला शाळेत कुणी असं वळवलेलं मला चालेल का?” थोरली म्हणाली, नाही चालणार.

आमच्याबद्दल गावात कुणी वाकडं बोललेलं नाही. ते तसंच राहावं, म्हणूनही हा उंबरा मी सांभाळते. येशूने इतरांनी आपल्याशी जसं वागावं वाटतं तसं त्यांच्याशी वागायला सांगितलं. त्याची माझ्या वाट्याला आलेली रोजची परीक्षा ही आहे.

१० जुलै, बुधवार

भाताची आवणी जोरात आहे. शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन शेजारच्या मावशींच्या खाचरावर गेले. गुडघाभर चिखलात त्यांची नात रोपाची मूठ सोडवून देत होती, आणि मावशी कंबरेत वाकून तिच्याशी अखंड बोलत होत्या : हे बी कुणाकडनं आणलं, बांध कुठे फुटतो, आजोबांच्या वेळी पडकईला कोण कोण यायचं. पडकई म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेकाच्या उतारावर बांध घालून भाताची खाचरं करायची. या डोंगरातली ही जुनी रीत ‘शाश्वत’ संस्थेने पुन्हा उभी केली.

मी म्हटलं, “मावशी, एवढं कधी शिकवता पोरीला?”

“शिकवायचं काय त्यात? बरूबर न्यायचं.”

अनुवादातल्या त्या वचनांवर मी इतकी वर्षं उपदेश ऐकले, पण इतका नेमका अर्थ कुणी सांगितला नव्हता.

आश्रमशाळेने इथल्या मुलांना अक्षर दिलं. त्याचं मोल मी रोज पाहते, आणि त्याला कमी लेखणाऱ्याशी भांडेन. वाड्या विखुरलेल्या, ओढे भरलेले; निवासी शाळा नसती तर कित्येक मुली शिकल्याच नसत्या. पण पहिलीत घर सोडलेलं मूल आवणी, हिरडा, देवराईचे नियम हे सगळं सुट्टीत पाहुण्यासारखं येऊन शिकतं. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवण्यावर इथल्या घरांचा वर्षाचा पैसा अवलंबून. कुठला हिरडा कधी उतरवायचा हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकातून शिकवता येणार नाही. ते मावशींचं काम.

भैरवनाथाच्या देवराईपाशी आलो तेव्हा धाकट्याने विचारलं, आपण आत जायचं का. जायचं, चपला बाहेर काढून, पान न तोडता. आपण तिथे नवस बोलत नाही. पण लोकांनी पिढ्यान्पिढ्या राखलेल्या झाडांचा मान आपणही राखतो.

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

आज उपासनेनंतर मुलांना पंडिता रमाबाईंच्या लहानपणाची गोष्ट सांगितली. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन दोघांनी पाहिलंय, ते आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. पण रमाबाईंची पहिली शाळा जंगलात होती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे वेदशास्त्रसंपन्न. बायकोला संस्कृत शिकवायचं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रीच्याच दक्षिणेकडच्या रानात, गंगामूळला, आश्रम बांधला. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. पुढे आश्रम मोडला, आणि घरदार डोक्यावर घेऊन हे कुटुंब पुराण सांगत तीर्थं हिंडत राहिलं. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना आई शिकवी. दिवसभर चालणं आणि घरकाम, त्यामुळे शिकवायची वेळ पहाटेची. आई लेकीला झोपेतून उठवून मांडीवर घेई आणि श्लोक म्हणून घेई. शाळा नाही, पाटी नाही, फी नाही. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही उपासमारीने गेले. चारच वर्षांनी कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

गुरुपौर्णिमेला माझ्या मनात येतात त्या रमाबाईंच्या आई, लक्ष्मीबाई डोंगरे. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

२२ जुलै, सोमवार

थोरली रात्रभर त्याच गोष्टीवर विचार करत असावी. सकाळी दात घासता घासता म्हणाली, “आई, रमाबाईंच्या आईने त्यांना पुराणं शिकवली. मग त्या ख्रिस्ती झाल्या. म्हणजे त्यांनी आईचं ऐकलं नाही?”

अकरा वर्षांच्या मुलीने अगदी मर्मावर बोट ठेवलं. १८८३ मध्ये, २९ सप्टेंबरला, इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आम्ही ख्रिस्ती लोक ती तारीख अभिमानाने सांगतो. पण ज्या आईने पहाटे उठून तिला आपल्या देवाची भक्ती शिकवली, तिच्या बाजूने ही गोष्ट आम्ही कधी पाहतो का?

मी म्हटलं, “आईने तिला दोन गोष्टी दिल्या. एक, देव मानायचा. दुसरी, वाचायचं, पारखायचं आणि जे पटेल त्याप्रमाणे जगायचं. दुसरी दिली नसती तर पहिली तिने नुसती पाठ केली असती.”

“आणि मी मोठी होऊन दुसरंच काही मानलं तर?”

“मला फार दुःख होईल. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करीन. आणि तू जेवायला घरीच येशील.”

ती हसली नाही, मीही नाही. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. पण पुढे दृढीकरणाच्या वेळी त्याने स्वतःच्या तोंडाने आपला विश्वास सांगायचा असतो. मधल्या वर्षांत आईबापांनी शिकवायचं ते मनापासून, पुरतं, हात आखडता न घेता. ‘हो’ मात्र तिचं तिने म्हणायचं. आमच्यात कित्येक घरी दृढीकरण म्हणजे नवा ड्रेस आणि फोटो एवढंच उरलंय, याचं मला वाईट वाटतं.

६ ऑगस्ट, मंगळवार

श्रावण लागला. वर्गात बालकवींची श्रावणावरची कविता घेतली. बाहेर तसंच ऊन-पाऊस चालू होतं, मुलांना काही समजावून सांगावंच लागलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी नगरच्या टिळकांच्या घराचा विषय काढला. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रां’त आहे. अक्षरओळख नवऱ्याकडून घरीच झालेल्या बाईने मराठीतलं एवढं मोठं आत्मचरित्र लिहिलं, ही घरच्या शिक्षणाची मला माहीत असलेली सर्वांत मोठी कमाई. पण सासूबाईंना सांगायचं होतं ते वेगळंच. “त्या घरात बालकवी ठोंबरे राहायचे. लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखं वागवलं. ठोंबऱ्यांचा मुलगा ठोंबऱ्यांचाच राहिला, कुणी त्याला बाटवायला गेलं नाही.”

जूनमध्ये वसतिगृहातल्या मुली परत पाठवल्या तेव्हा सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या. मी थोरलीला हाक मारली आणि सासूबाईंना तेच पुन्हा सांगायला लावलं.

१ सप्टेंबर, रविवार

पुण्याच्या मैत्रिणीचा लांबलचक निरोप आला. तिने दोन्ही मुलांना शाळेतून काढायचं ठरवलंय. अमेरिकेतून ख्रिस्ती होमस्कूलची पुस्तकं मागवलीत, आणि मलाही तेच सुचवतेय. शाळेत मुलं बिघडतात, विश्वास टिकत नाही, घर हीच खरी शाळा, असं तिचं म्हणणं.

तिची तळमळ खरी आहे, ती मी जाणते. आणि तिच्या मागे मोठी परंपराही उभी आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंची आई सुझाना. एकोणीस बाळंतपणं, त्यातली नऊ लेकरं तान्हेपणीच गेली. उरलेल्यांना तिने एपवर्थच्या घरात स्वतः शिकवलं, आणि प्रत्येकाशी एकट्याने बोलायला आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली. जॉनची गुरुवारची होती. मोठेपणीही तो त्या गुरुवारांची आठवण काढी. हे मला जमेल तेवढं उचलायचंय. थोरलीची संध्याकाळ मंगळवार आणि धाकट्याची शुक्रवार ठरवली आहे.

पण शाळा सोडायची? आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १०व्या कलमाने ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलंय. घरी शिकवणाऱ्यांना त्यात शिक्षा सांगितलेली नाही. काही शहरी कुटुंबं घरी शिकवतात आणि मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसवतात. ज्या मुलाला शाळेच्या गर्दीत श्वास घेता येत नाही, त्याच्यासाठी हा रस्ता असावाच. माझी हरकत दुसरी आहे. माझा धाकटा ज्यांच्याबरोबर बाकावर बसतो ती मुलं महादेव कोळी आदिवासींची. त्यांच्यापासून वेगळं ठेवून मी त्याला शेजाऱ्यावर प्रीती करायला शिकवणार कसं? शेजारीच नसेल तर ती आज्ञा वहीतच राहील. आणि त्या परदेशी पुस्तकांतला देव मला पोरका वाटतो. त्यात बर्फ आहे, सफरचंद आहे, मराठी नाही. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, मुक्तीच्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले आणि ते छापलं. भाषांतराचं हे काम १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या तोंडावर पुरं झालं. एवढा वारसा घरात असताना आपल्या लेकरांना प्रार्थना इंग्रजीत का शिकवायची?

२९ सप्टेंबर, रविवार

पाऊस ओसरतोय. आज उपासना थोरलीने घेतली. पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र तिने निवडलं. त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, तो भाग. सासूबाईंनी टाळ खाली ठेवून ऐकलं.

दुपारी मैत्रिणीला उत्तर लिहिलं, ते इथे उतरवून ठेवते.

‘मुलांना शाळेतून काढू नकोस. त्यांना शाळेत पाठव, आणि ती घरी आली की टीव्ही बंद करून रोज त्यांच्याबरोबर बस. वीस मिनिटं पुरतात. मराठीत वाचा. एखादं गीत म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. त्यांना प्रश्न विचारू दे, आणि उत्तर येत नसेल तर तसं सांग. तुझ्या आईला बोलावून घे. तिच्याकडे जे आहे ते त्या पुस्तकांत नाही. मुलांच्या विश्वासाचं काम पाळकांवर, रविवारच्या शाळेवर किंवा अमेरिकेतल्या प्रकाशकावर टाकू नकोस. ते तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन इथे ये. घोडेगावहून एसटी मिळते.’