नरसी मेहतांच्या वाटेने

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक गंमत करून पाहा. आपल्या खिशात, पर्समध्ये किंवा कनवटीला या क्षणी रोख पैसे किती आहेत याचा आधी मनाशी अंदाज बांधा आणि मग ते मोजा. अंदाज बरोबर आला तर आपले वय बहुधा साठीच्या पुढे असेल. चुकला तर आपण माझ्याच पंगतीचे.

हा प्रयोग मी जुनागढच्या रेल्वे स्थानकावर केला, तोही स्वखुशीने नव्हे. बरोबर माझ्या थोरल्या आत्याबाई होत्या. वय ७४, मुक्काम वाई, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सोळा वर्षे झालेली. जुनागढहून पोरबंदरमार्गे द्वारका असा आमचा बेत होता. गाडीतून उतरून सामान खाली ठेवताच त्यांनी विचारले, "रोख किती घेतली आहेस?" मी बेफिकिरीने म्हणालो, "असतील चारशे-पाचशे." मोजले तेव्हा १४० रुपये निघाले, आणि त्यांतील दहाची एक नोट मधोमध फाटलेली.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या कमरेला खणाच्या कापडाची, स्वतः शिवलेली पिशवी होती. तिला तीन कप्पे. एकात पाचशेच्या नोटा, दुसऱ्यात शंभराच्या आणि पन्नासाच्या, तिसऱ्यात औषधाच्या रिकाम्या डबीत नाणी. एकूण ९,००० रुपये. हा आकडा त्यांना न मोजता ठाऊक होता, आणि प्रवासभर रोज रात्री तो बदलत गेला तोही ठाऊक होता. मी दिल्लीत राहतो. तेथे भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना मोबाईलवरून पैसे देण्याची मला इतकी सवय झाली आहे की, पाकीट हे आता ओळखपत्रे ठेवण्याचे साधन झाले आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. त्या एका वर्षाने आपल्या खिशांचे वजन किती बदलले, हे अशा प्रवासात विशेष जाणवते.

जुनागढ हे गाव या विषयासाठी मी मुद्दाम निवडले असे कोणास वाटेल, तसे नाही. आत्याबाईंना नरसी मेहतांचा चोरा पाहायचा होता. चोरा म्हणजे गावातील बसण्याउठण्याची जागा. पंधराव्या शतकातील हे भक्तकवी येथे बसून भजन करीत, असे परंपरा सांगते. महीपतींच्या 'भक्तविजया'मुळे नरसी मेहता मराठी घरांनाही परके नाहीत. आत्याबाईंनी लहानपणी ती कथा आपल्या आजीकडून ऐकली होती आणि चोऱ्याच्या ओट्यावर टेकून त्यांनी ती मला पुन्हा ऐकविली.

द्वारकेला निघालेले काही यात्रेकरू जुनागढला आले. जवळ ७०० रुपये. पुढची वाट चोरांची. तेव्हा रोकड येथेच एखाद्या सावकाराकडे ठेवावी आणि द्वारकेच्या पेढीवर हुंडी लिहून घ्यावी, असा त्यांचा विचार. गावातल्या टवाळांनी त्यांना नरसी मेहतांच्या घरी धाडले. घरात तर दाणा नव्हता. नरसींनी पैसे घेतले, हुंडी लिहिली, ती द्वारकेच्या 'शामळशा शेठ' यांच्या नावे; आणि पैसे साधुसंतांच्या भोजनात खर्च केले. द्वारकेत यात्रेकरूंनी गल्लीबोळ पालथे घातले, अशा नावाचा शेठ कोणालाच माहीत नाही. अखेर स्वतः भगवंत शेठजींच्या वेषात आले आणि त्यांनी हुंडी वटविली. प्रेमानंद भट्टांनी सतराव्या शतकात याच प्रसंगावर 'हुंडी' नावाचे आख्यान रचले. (रुपया हे नाणे शेरशहाने सोळाव्या शतकात रूढ केले. म्हणजे ते ७०० रुपये नरसींच्या काळचे नसून मागाहूनच्या कथाकारांचे असावेत. आत्याबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला कथेतही हिशेब तपासायचे असतात!")

आपण या कथेकडे भक्तीच्या दृष्टीने पाहतो, ते योग्यच आहे. पण तिच्या पोटात प्रवाशांचा जुना व्यवहारही दडलेला आहे. दाखविताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी द्यावयाची ती मुदती. आणि शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शहालाच मिळे. भलत्याच्या हाती कागद पडला तरी उपयोग नसे. खिसा रिकामा ठेवून दूरदेशी जाता येत असे, ते कोणाच्या तरी नावाच्या भरवशावर.

शिवाय या वाटेवर रोकड बाळगणे दुहेरी त्रासाचे होते. जुनागढला नवाबाचे राज्य, पोरबंदरला जेठवा राण्यांचे, शेजारी नवानगरच्या जामांचे, आणि द्वारका मात्र बडोद्याच्या गायकवाडांच्या ओखामंडळात. जुनागढ, पोरबंदर आणि नवानगर यांनी आपापल्या 'कोरी' नावाच्या चांदीच्या लहान नाण्यांच्या टांकसाळी चालविल्या. बडोद्याचे रुपये निराळे. दोनशे किलोमीटरांहून थोड्या अधिक वाटेवर सराफांकडे नाणी बदलत आणि दर वेळी बट्टा देत जावे लागत असे. आज तीच वाट आपण एका दिवसात, एकाच नोटेवर पार करतो. त्या नोटेच्या मागे पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली असते. गुजराती तिसरी, मराठी आठवी. भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला तो लहानसा चौकोन फार प्रिय आहे. मोबाईलच्या पडद्यावर नुसता आकडा उमटतो.

पोरबंदरला आम्ही दोन ठिकाणे पाहिली. एक सुदाम्याचे मंदिर. सुदामा द्वारकेला निघाला तेव्हा त्याच्याजवळ रोकड नव्हती, हुंडीही नव्हती. मूठभर पोहे होते. दुसरे कीर्तिमंदिर, म्हणजे गांधीजींच्या जन्मघराला लागून उभारलेले स्मारक. १९९६ पासूनच्या नोटांच्या मालिकेवर ज्यांची छबी आहे, ते लंडनमध्ये विद्यार्थी असताना पै-पैचा खर्च लिहून ठेवीत आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवीत, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. हे ऐकून आत्याबाईंनी माझ्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले.

तेथून द्वारकेचा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. हर्षदमातेच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. चहा आणि गाठिया मिळून ४० रुपये झाले. मी मोबाईल पुढे केला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. माझ्या खात्यातून पैसे वजा झाल्याचा संदेश आला. टपरीवरची बोलकी पेटी मात्र मुकी ती मुकीच. पुन्हा देण्याचा प्रयत्न केला तर यंत्रणाच उत्तर देईना. टपरीवाला हसून म्हणाला, "पाछा वळो त्यारे आपजो." परतताना द्या! आम्ही त्या वाटेने परतणार नव्हतो, आणि हे त्याला आमच्या सामानावरून कळले असलेच पाहिजे. आत्याबाईंनी डबी उघडून चार दहाची नाणी त्याच्या हातावर ठेवली. माझे ४० रुपये दुसऱ्या दिवशी खात्यात परत आले. त्या टपरीवाल्याचा चेहरा मात्र माझ्या लक्षात राहिला. त्याने आम्हाला हुंडी दिली होती, आणि तीही कागदावाचून.

आत्याबाई दिवसभर खुशीत होत्या. त्यांच्या पिशवीचा विजय झाला होता ना!

तो विजय द्वारकेत रात्री जेवणाच्या वेळी संपला. एका भोजनालयात आम्ही दोघे जेवलो, २४० रुपये झाले. आत्याबाईंनी पाचशेची नोट पुढे केली. गल्ल्यावरचा मनुष्य सौजन्याने म्हणाला, "बा, छुट्टा नथी. ऑनलाइन करी द्यो ने." त्यांनी पिशवी चाचपली, सुटे मिळून १९० भरले. मागे माणसे खोळंबली होती. मी मोबाईल काढला, पेटीने २४० रुपये पोचल्याचे मोठ्याने जाहीर केले, आणि आम्ही बाहेर आलो. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

धर्मशाळेच्या खोलीत आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे पैसे मी निवृत्तिवेतनातून बाजूला काढले. यात्रा आपल्या पैशाने करायची, दुसऱ्याच्या केली तर पुण्य त्याच्या पदरी. आणि माझ्याजवळ पैसे असून आज मी जेवले तुझ्या."

मी समजूत घालू लागलो. साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून आहे, ती मी शिकवितो, असे सांगितले. त्या म्हणाल्या, "शिकेन की. पण आकडा दाबताना चुकला तर विचारू कोणाला? तुलाच. म्हणजे नऊ हजार माझे, आणि मी कुठे किती खर्च केले हे तुला आधी कळणार."

वाचकहो, या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी रिकाम्या खिशाने हिंडतो, ते माझ्या नावाची हुंडी प्रत्येक टपरीवर वटते म्हणून. आत्याबाईंची नोट खरी, पैसे पुरेसे, आणि तरी त्या भोजनालयात त्यांना शामळशा शेठ हुडकीत फिरावे लागले. तो शेठ मी झालो, हेच त्यांना लागले. आपल्या घरातील आईला, सासऱ्यांना, काकूंना आपण असेच झटकन मोबाईल काढून 'मदत' करतो. त्यांनी काढलेली नोट हातात तशीच राहते, ती घडी घालून परत ठेवताना त्या हाताकडे आपण पाहत नाही.

मग प्रवासात रोकड न्यावी तरी किती, असे आपण विचाराल. मी आता असे करतो : माणशी दोन दिवसांचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडे एवढी रक्कम रोख, दोन निराळ्या जागी ठेवून, निम्म्याहून अधिक शंभराच्या आणि त्याखालच्या नोटांत. पाचशेच्या नोटा मोठ्या दुकानात, जेथे गल्ल्यात मोड असते तेथेच मोडाव्यात. आणि बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर निघण्यापूर्वी बँकेत जाऊन त्यांच्यासाठी दहा-वीसच्या नोटा व नाणी मागून आणावीत. हे काम अर्ध्या तासाचे आहे. मी ते केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गोमती घाटाच्या छप्पन्न पायऱ्या चढून मंगला आरतीला निघालो. बेट द्वारकेला आता होडीने जावे लागत नाही, फेब्रुवारी २०२४ पासून सुदर्शन सेतू झाला आहे. तेथे दुपारी जायचे होते. मंदिराच्या वाटेवर एक म्हातारी तुळशीचे हार घेऊन बसली होती. तिच्या टोपलीलाही क्यूआर कोडची पाटी टांगलेली होती. माझा हात सवयीने खिशाकडे गेला. मी तो तसाच मागे घेतला.

आत्याबाईंनी ३० रुपयांचा हार घेतला आणि पन्नासाची नोट दिली. दिवसाची पहिली विक्री असावी. म्हातारीने ती नोट दोन्ही हातांनी कपाळाला लावली, टोपलीला टेकविली आणि मगच मांडीखालच्या पिशवीत टाकून मोड शोधू लागली. आमच्याकडे याला भवानी म्हणतात, असे आत्याबाईंनी तिला मराठीतच सांगितले. तिने "बोणी, बोणी" म्हणून मान हलविली आणि दहाची दोन नाणी त्यांच्या तळव्यावर ठेवली. आत्याबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली, डबीत टाकली, आणि झाकण नीट बसले की नाही हे दोनदा दाबून पाहिले.