पोचा

‘यील्ड पॉइंट’ची व्याख्या मी आतापर्यंत निदान पाच वेळा पेपरात लिहिली असेल. दोन मार्कांना हमखास येते. पण यील्ड पॉइंट म्हणजे नेमकं काय, ते मला कळलं मागच्या डिसेंबरात, आमच्या रेक्टर सरांच्या गाडीच्या दारावर!

त्याचं झालं असं. रविवारी संध्याकाळी होस्टेलमागे मॅच रंगात आली होती. टेनिस बॉल हरवला म्हणून कुणीतरी सीझन बॉल काढला. वजन साधारण १६० ग्रॅम. मी पुढे येऊन तो उचलला आणि तो थेट लिंबाखाली उभ्या असलेल्या सरांच्या नव्या काळ्या गाडीच्या मागच्या दारावर आदळला. ‘ठप्प!’ पुढच्या मिनिटाला मैदान मोकळं. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, गोल पोचा पडला होता. रंगाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

रात्री एक वाजता रूम-पार्टनर आणि मी मोहिमेवर निघालो. उकळतं पाणी ओतायचं आणि रबरी पंपानं ओढायचं, असा व्हिडिओ त्यानं मोबाइलवर पाहिला होता. बादलीभर पाणी गेलं, पोचा जागच्या जागी. आता कारण कळतं. तो उपाय प्लॅस्टिकच्या बंपरचा. प्लॅस्टिक गरम पाण्यानं मऊ पडतं. पोलादाला शंभर अंशांचं काय कौतुक!

सकाळी गोंधळ. त्याच लिंबाखाली वॉचमन मामांची सायकल असायची. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं निकाल देऊन टाकला - सायकल पडली, हँडल लागलं, खर्च पगारातून कापणार. मामा एवढंच म्हणाले, “माझी सायकल पडलीच नाय.” मी मेसच्या रांगेत उभा राहून हे ऐकलं आणि ताट पुढे केलं.

असे चार दिवस काढले. चौथ्या रात्री उशिरा आलो. मामांनी कानटोपी सावरत नेहमीसारखं गेट उघडलं. “जेवला का रे?” म्हणाले. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी सरांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, “आधी मामांकडे जाऊन ये. मग गाडीचं बघू.”

शनिवारी सरांबरोबर नागापूरला गेलो. एमआयडीसीमुळे तिकडे गॅरेजांना तोटा नाही. पहिल्या दोन ठिकाणी एकच उत्तर - पत्रा ठोकू, पुट्टी भरू, अख्खं दार रंगवू. दोन दिवस आणि चार हजार. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “कारखान्यातला पहिला रंग साध्यासुध्या भट्टीत भाजत नाहीत. तळाचा थर १६० ते १८० अंशांवर पक्का होतो. गॅरेजवाला तेवढी उष्णता देऊच शकत नाही, गाडीतलं रबर आणि वायरिंग वितळेल. तो साठेक अंशांवर थांबतो. म्हणजे तो पहिला रंग एकदा खरवडला की गेला.” आणि हा सगळा रंग, सगळे थर मिळून, साधारण १०० ते १२० मायक्रॉन! केसाच्या एक-दोन जाडीएवढा.

तिसऱ्या गॅरेजातले वस्ताद पूर्वी प्रेस शॉपमध्ये होते. त्यांनी दारावरून आधी तळहात फिरवला, मग नख. “रंग तडकला नाय, घडी पडली नाय, कडेला नाय. रंग न लावता निघंल. यातलं एक जरी असतं ना, तर हात लावला नसता.”

मग त्यांनी काचेवर फळी घातली, काच खाली केली, खाचेत पाचर बसवली आणि टोकाला वाकवलेली लांब सळई आत सोडली. दाराच्या आत धक्का झेलणारी आडवी नळी असते, ती चुकवत सळईचं टोक पोच्यामागे नेलं. बाहेरून पट्ट्यापट्ट्यांची ट्यूबलाइट धरली. काळ्या रंगात पट्ट्यांचं प्रतिबिंब सरळ पडलं आणि पोच्यापाशी वाकलं. “माझी नजर दारावर नाय, ह्या रेघांवर,” वस्ताद म्हणाले. थंडीत रंग कडक होऊन तडकतो म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्रानं तेवढी जागा कोमट केली.

मला वाटलं, एक जोरात दाब दिला की काम फत्ते! वस्ताद हसले. “घाई केली का संपलं. पत्रा ताणला गंला, का मग डब्याच्या बुडावानी टक-टक वाजत राहतो.” सर शेजारून म्हणाले, “स्ट्रेन हार्डनिंग. कुठल्या युनिटला आहे?” वर्ग इथेही सुटला नव्हता!

पण डोक्यात प्रकाश पडला तो तिथेच. पाहुणा आला की आपण त्याला १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय दाखवायला नेतो. तिथलं पोलाद सेंटिमीटरमध्ये मोजायचं. गाडीच्या दाराचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटर. बॉल लागला तेव्हा तो सगळाच बिघडला नव्हता. मधला आणि कडेचा थोडा भागच यील्ड पॉइंटच्या पलीकडे गेला होता. उरलेला परत यायला तयारच होता, त्या थोड्यानं त्याला अडकवून ठेवलं होतं. म्हणून एकदा आतून चिमूटभर दाब, एकदा बाहेरून कडेच्या उंचवट्यावर नायलॉनच्या खुंटीनं टिचकी. असं शे-दीडशे वेळा. आमची आजी घागरीला पोचा पडला की तांबटाकडे पाठवायची, त्याच्या मठारण्याची आठवण झाली. तो मात्र ठोकून तांबं कठीण करायचा. इथे कमीत कमी छळायचं, एवढाच नियम.

पावणेदोन तासांनी पट्ट्या सरळ झाल्या. वस्तादांनी आठशे रुपये घेतले. सरांनी निम्मे मागितले, मी तीन हप्त्यांत दिले.

आता राहिली मामांची गोष्ट. त्या सकाळी मी गेटवर जाऊन सगळं कबूल केलं, तेव्हा ते सायकलला हवा भरत होते. ऐकून घेतलं, “बरं,” म्हणाले आणि पंप मारत राहिले. नंतर सरांनी सुपरवायझरला बोलावून पगार कापू दिला नाही. मामा माझ्याशी बोलतात, “जेवला का रे?” हेही विचारतात.

सरांच्या गाडीचं दार मी अजून येता-जाता तिरक्या उन्हात बघतो. पोचा कुठे होता, ते माझं मलाच सापडत नाही. मामांची सायकल मात्र लिंबाखाली नसते. भर उन्हातही ते ती गेटच्या खांबाला टेकवून, साखळी लावून ठेवतात.