मोरीवरचा गुलाब

बदलापूरच्या आमच्या जुन्या घरामागं, मोरीच्या कडेला, गावठी गुलाबाची चार झुडपं होती. फूल फिकट गुलाबी, मुठीत मावेल एवढं. दुपारपर्यंत पाकळ्या सैल व्हायच्या. पण वास असा की टोपली ओट्यावर ठेवली तर वाटेवरचा माणूस मान वळवायचा. आई पहाटे फुलं खुडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि लोकल धरून उल्हासनगरला जायची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा तो कॅम्प. १९४९ साली त्याला उल्हासनगर नाव मिळालं. तिथं देवपूजेला आईची ठरलेली गिऱ्हाइकं होती. महाशिवरात्रीला मात्र ती अंबरनाथलाच उतरायची, शिवमंदिराच्या जत्रेत. माझी फी, वह्या, पहिली चप्पल, सगळं त्या टोपलीतून आलं.

पुढं मी अंबरनाथच्या एका कारखान्यात लागलो आणि शहाणा झालो. एका साहेबांच्या दारात ग्लॅडिएटर पाहिला. लालभडक, लांब दांड्याचा. पगारातून त्याची दहा कलमं आणली.

"ह्याच्या एका फुलाला तुझ्या डझनाचे पैसे येतील," मी म्हणालो. "गावठी काढून टाकू."

आई जरा गप्प बसली. मग म्हणाली, "काढ बाबा. पन मोरीवरचं एक राहू दे. आपला पाऊस त्याला ठाव हाय."

तीन झुडपं मी माझ्या हातानं उपटली.

हिवाळ्यात ग्लॅडिएटर खरोखरच फुलला. मग जून आला. आमची माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. पानांवर काळे ठिपके पडले, पानं गळाली, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली सुकल्या. दसऱ्यापर्यंत सात कलमं गेली. एकाला तळातून जोमदार फुटवे आले, तेव्हा मी आईला हाका मारून दाखवले. ती वाकून बघत म्हणाली, "हा तुझा गुलाब न्हाय. हा खालचा रानटी." डोळा ज्या खुंटावर भरला होता, तो खुंटच फुटला होता. पानं मोजून ओळखा म्हणतात, पण ते फसवं. फुटवा कलमाच्या सांध्याच्या खालून आला की तो खुंटाचाच.

नंतर अकला येत गेल्या. राहिलेली तीन कलमं उंच वरंब्यावर लावली, सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवला. पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटणी, तीही हिरव्या जिवंत काडीपर्यंत, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या वर, तिरकी. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांनी फूल. एवढं केल्यावर ती जगली. मोरीवरच्या झुडपाला मात्र आईनं वर्षातून एकदा कोयता लावला आणि दोन पाट्या शेणखत घातलं, बस.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर मागल्या दारी गुडघाभर गाळ. ग्लॅडिएटर मेले होते. मोरीवरच्या झुडपाचीही काळी काटकं उरली होती, मी उपटायला गेलो. आई ओरडली, "हात लावू नको!" दिवाळीच्या सुमारास जमिनीतून कोंब आले आणि त्याला तेच फिकट फूल लागलं. ते झाड स्वतःच्या मुळावर होतं. जमिनीखालून जे फुटलं, ते तेच होतं. आई काही बोलली नाही. मीही तीन झुडपांचं काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आई गेल्यावर जागा बिल्डरला दिली. यंत्र यायच्या आदल्या संध्याकाळी पेन्सिलीएवढ्या जाड आठ काड्या कापल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून बहिणीकडे, बारवीकडच्या गावाला नेल्या. दोनच लागल्या.

आता तिच्या बांधावर झुडूप माझ्या छातीएवढं आहे. पितृपंधरवड्यात, भर पावसातही, त्याला दोन-चार फुलं असतात. बहीण ती ओल्या फडक्यात बांधून पाठवते. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं.