सुमीत : एका नावाची कमाई

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींच्या घरांत 'मिक्सर लावा' असे न म्हणता 'सुमीत लावा' म्हणण्याचा एक काळ होता. विशेषनामाने सामान्यनामाची जागा घ्यावी, हे भाग्य मोजक्याच नावांना लाभते. आणि ते फुकट लाभत नाही.

परदेशी यंत्रे रस काढावयास, घुसळावयास ठीक होती. भिजवलेली डाळ, खोबरे किंवा हळकुंड पुढे येताच त्यांची मोटार तापून निकामी होई. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला. तेव्हा त्यांनी आपल्याकडील वाटणाचा भार पेलणारी मोटार स्वतःच घडविली. १९६३ साली माथुर दांपत्याच्या उद्योगाचा आरंभ झाला. यंत्राचे नाव ठेवले 'सुमीत', म्हणजे चांगला मित्र.

आमच्या मातोश्री अनंत चतुर्दशीच्या वाटल्या डाळीसाठी पाट्यापुढे तासन् तास बसत. मिक्सर आला तेव्हा आजीने निकाल दिला, "पाट्याची चव नाही हो याला!" निकाल खोटा नव्हता, वरवंटा दाणा चिरडतो, पाते तो कापते. परंतु ती चव जिच्या खांद्यांवर उभी होती, तिला आम्ही कोणी कधी विचारलेच नव्हते. त्या वर्षी चतुर्दशीच्या दुपारी मातोश्री प्रथमच मासिक हाती घेऊन बसलेल्या आम्ही पाहिल्या.

पुढे दिवस पालटले. प्रीतीसारखे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी उभे राहिले. त्यातच 'सुमीत' या नावावर दोन कंपन्यांनी हक्क सांगितला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चिन्ह एक, उगम एक आणि धनीही एकच, असे तत्त्व न्यायालयाने १९९४ साली सांगितले. न्यायालय नावाचा धनी ठरवू शकते. गृहिणीचा विश्वास मात्र तिच्या ओट्यावरच ठरतो. तेथे हळूहळू दुसरी नावे आली आणि सुमीतचे पहिले आसन गेले.

तरीही, वाचकहो, या अस्ताबद्दल हळहळताना एक गोष्ट विसरू नये. सुमीत मागे पडला म्हणून कोणतीही सून पुन्हा पाट्याकडे वळली नाही. आज ओट्यावरच्या मिक्सरवर कोणतेही नाव असो, त्याने डाळ वाटलीच पाहिजे, ही अपेक्षा घरोघर रुजविली ती सुमीतनेच. नाव लोपले तरी मित्राने उतरविलेले ओझे पुन्हा त्या खांद्यांवर चढले नाही.