आयर्विनच्या मापाने ब्रिस्बेन

लेकीला ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला. एजंटने विद्यापीठाची चित्रफीत पाठवली होती. पिवळसर दगडाच्या इमारती, हिरवळ, जांभळ्या फुलांनी लदलेली जॅकरँडाची झाडं आणि तिन्ही बाजूंनी वळसा घालून जाणारी नदी. सगळे कौतुकाने बघत होते. माझी नजर मात्र नदीवर अडकली. "पाणी कुठवर येतं गं तिथं?" मी विचारलं.

सांगलीत घर भाड्याने घेताना पहिला प्रश्न हाच असतो. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला, लेकीची बारावीची पुस्तकं गेली. पुढे ती वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली, तेव्हा नदीपासून लांब विश्रामबागेत राहिल्याने निदान पावसाळ्यात माझा जीव टांगणीला नसायचा. माझा भाऊ साताऱ्याला असतो. पाऊस लागला की सकाळी त्याचा फोन ठरलेला: कोयना धरणात किती टीएमसी पाणी झालं, वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत. त्या आकड्यांवरून आम्ही सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरवतो.

ब्रिस्बेनची चौकशीही आम्ही तशीच सुरू केली. भावाने पहिल्यांदा धरण शोधलं. "ताई, यांच्याही नदीवर वरच्या अंगाला मोठं धरण आहे," त्याने सांगितलं. वायव्हनहो त्याचं नाव, 1980च्या दशकात पूर्ण झालेलं. शहरातल्या मोजपट्टीवर नदी 1974 साली 5.45 मीटरपर्यंत चढली होती. धरण झाल्यावरही 2011च्या जानेवारीत ती 4.46 मीटरवर गेली, आणि धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं यावरून तिथे मोठा वाद झाला. तो वाचताना भाऊ म्हणाला, हे तर आपलंच भांडण आहे. त्या पुरात विद्यापीठाच्या सेंट लुसिया आवाराच्या सखल भागातही पाणी शिरलं होतं. 2022च्या फेब्रुवारीअखेर नदी पुन्हा 3.85 मीटरवर गेली. तिथलं पहिलं सत्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होतं. म्हणजे नवं पोर बॅग घेऊन उतरतं ते नेमकं तिथल्या पावसाळ्याच्या शेपटाला. चित्रफितीत मात्र ऊनच ऊन होतं.

आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ब्रिस्बेन महापालिकेच्या पुराच्या नकाशावर. तो सगळ्यांना खुला आहे. पत्ता घातला की त्या जागेला पाण्याचा धोका किती ते दिसतं. नदीचं, ओढ्याचं आणि उतारावरून वाहत येणारं पावसाचं पाणी वेगवेगळं दाखवलेलं. आपल्याकडे असा नकाशा घरोघरी मोबाइलवर असता तर, हा विचार मला तिथून पुढे सोडून गेला नाही. लेकीने भाड्याच्या दोन खोल्या निवडल्या होत्या. वेस्ट एंडची स्वस्त आणि फोटोत देखणी होती, पण तिचा पत्ता घातल्यावर सगळी गल्ली निळी झाली. दुसरी डटन पार्कच्या बाजूला चढावर होती. भाडं जास्त होतं, पण तिथे नकाशा कोरा राहिला. शिवाय तिथून एलेनॉर शोनेल पुलावरून चालत थेट विद्यापीठात जाता येतं. त्या पुलावर बस, सायकली आणि पायी माणसं एवढीच जातात, मोटारींना मनाई आहे.

कागदावर एवढं कळलं, तरी रात्रीचं कळत नव्हतं. कराडची एक मुलगी तिथे शिकत होती, तिचा नंबर ओळखीतून मिळाला. लेकीने तिला आधी विचारलं, "ताई, कॅम्पस कसा आहे?" ती म्हणाली, "छान आहे." तिथेच बोलणं संपलं. मग मीच फोन घेतला आणि विचारलं, "बाळ, परीक्षेच्या दिवसांत लायब्ररीतून रात्री दहाला निघालीस तर खोलीवर कशी जातेस?" मग ती बोलायला लागली. कोणत्या वाटेला दिवे आहेत, कुठे झाडी दाट आहे, कोणती बस रविवारी उशिरा येते, भाकरीचं पीठ कुठे मिळतं. पुढे एका संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल लावून आम्हाला पुलावरून चालत नेलं. वाऱ्याचा आवाज येत होता, बाजूने सायकली जात होत्या, खाली नदी काळी दिसत होती. पूल उतरल्यावर ती चढ चढू लागली आणि तिला बोलताना धाप लागली. त्या धापेने मला बरं वाटलं. चढ खरा होता.

पैशांचीही चौकशी अशीच करावी लागते. बसचं, रेल्वेचं आणि नदीतल्या फेरीबोटीचं तिकीट क्वीन्सलँडमध्ये ऑगस्ट 2024पासून 50 सेंट आहे. त्यामुळे खोली थोडी लांब असली तरी परवडते. जुन्या लेखांमध्ये याहून कितीतरी मोठे आकडे दिसतात, म्हणून लेखाची तारीख आधी बघावी. अनामत रकमेबाबत तिथे कायदा आहे. घरमालकाने ती स्वतःकडे न ठेवता राज्याच्या भाडेकरार प्राधिकरणाकडे जमा करायची असते. एका जाहिरातवाल्याने आम्हाला खोली न दाखवताच सगळी रक्कम आपल्या खात्यावर मागितली. लेकीने या नियमाचं नाव काढलं, त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही.

विद्यापीठाच्या कार्यालयाशी बोलायचं तर ब्रिस्बेन आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. आम्ही पहाटे साडेपाचला चहा टाकायचो, तेव्हा तिथे दहा वाजलेले असायचे. प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलेले: पूर आला तर वर्ग कुठे भरतात, निरोप कोणत्या मार्गाने येतो, नव्या विद्यार्थ्याला विमानतळावरून आणायची सोय आहे का. माणसं नीट उत्तरं देत होती. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, असं एकीने सांगितलंही.

लेक आता डटन पार्कच्या खोलीवर राहते. गेल्या महिन्यात विट्याच्या एका मुलाच्या आईचा मला फोन आला. तिचा मुलगा मेलबर्नला निघालाय. मी तिला आधी खोलीचा पूर्ण पत्ता विचारला.