साखरपुड्याचीं छायाचित्रें

सदतीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तांबड्या पेन्सिलीनें दाखविण्यांत घालविल्यावर स्वतःची चूक ओळखण्याची दृष्टि मंदावते, असा आमचा अनुभव आहे. ती पुन्हां उघडण्यास गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचा साखरपुडा कारण झाला.

समारंभ वाईच्या आमच्या राहत्या घरींच करावयाचा असें ठरलें. आमच्या भाच्यानें पहिल्या कमाईंतून नवा कॅमेरा घेतला होता, आणि पुढें लग्नकार्यांचे फोटो काढण्याचाच व्यवसाय करावा अशी त्याची मनीषा. "मामा, ताईच्या साखरपुड्याचे फोटो मी काढतों," असें तो म्हणाला. घरचें कार्य, घरचा मुलगा. आम्हीं होकार दिला.

कार्य यथासांग पार पडलें. चार दिवसांनीं चिरंजीव सुमारें बाराशें छायाचित्रें घेऊन आले आणि माजघरांत सारी मंडळी संगणकाभोवतीं जमली. पांच मिनिटांतच जो तो गप्प झाला. कोणाचा चेहरा हळदीसारखा पिवळा, तर कोणाचा शेवाळासारखा हिरवट. नवऱ्या मुलाच्या मस्तकामागून भिंतीवरची दिनदर्शिका उगवलेली. साखरेचा पुडा मुलीच्या हातीं दिला जात असतां नेमकी गुरुजींची पाठ आड आलेली. अंगठी घालणारे हात फरकटलेले. शेवटीं सर्व कुटुंबाचा एकत्र फोटो आला. आमच्या मातोश्री, वय वर्षें अठ्ठ्याऐंशी, चष्मा सांवरीत पुढें वाकल्या आणि म्हणाल्या, "ह्यांत मी कोणती रे?"

त्या डाव्या टोकास बसलेल्या होत्या. लुगड्याच्या रंगावरूनच ओळखावें, इतकें त्यांचें मुख पुसट होतें. आईच्या स्वतःच्या लग्नाचें, १९५६ सालचें, एकही छायाचित्र घरांत नाहीं. त्यामुळें तो साधा प्रश्न सर्वांच्याच जिव्हारीं लागला. त्या रात्रीं भाचा आम्हांस म्हणाला, "मामा, मी कॅमेरा विकून टाकतों."

विद्यार्थी नापास झाला म्हणून पाटी फोडावयाची नसते, हें आम्हीं आयुष्यभर सांगत आलों. दुसऱ्या दिवशीं वही घेऊन आम्ही दोघे बसलों. यंत्राचें ज्ञान त्याचें, प्रश्न आमचे. चेहरे पिवळे-हिरवे कां? खिडकींतून दिवसाचा उजेड, छताला नळीचे दिवे आणि देव्हाऱ्यापाशीं पिवळे बल्ब, असे तीन रंगांचे प्रकाश एका खोलींत नांदत होते. दिवसाच्या उजेडाची रंगच्छटा सुमारें ५५०० केल्विन, तर पिवळ्या बल्बाची २८०० च्या आसपास. कॅमेरा एका वेळीं एकच माप धरतो. उपाय सोपा: दिवे मालवावे आणि माणसें खिडकीपाशीं आणावीं. हात कां फरकटले? सेकंदाच्या तिसाव्या भागांत हलता हात स्थिर उमटत नाहीं. दोनशेंवा भाग ठेवावा. पुडा कां हुकला? गणपतिपूजनानंतर काय, ओटी केव्हां, अंगठ्या केव्हां, हा क्रम त्यानें गुरुजींना आधीं विचारलाच नव्हता. क्षण दोन-तीन सेकंदांचा. तो येण्यापूर्वींच योग्य जागीं उभें राहावयास हवें.

आणि आई पुसट कां? भिंगाचें छिद्र एफ १.८ इतकें मोठें ठेवलें, कीं एका ठराविक अंतरावरचेंच स्पष्ट दिसतें. हातभर पुढें वा मागें असलेलें धूसर होतें. एकट्या मुखासाठीं तें शोभतें, पण दोन रांगांच्या कुटुंबास ५.६ किंवा ८ पाहिजे, आणि त्यासाठीं उजेडही अधिक पाहिजे. "पण आईच तेवढी पुढें कां होती?" आम्हीं विचारलें. भाचा खालीं पाहूं लागला.

तेव्हां आमचें आम्हांस आठवलें. खुर्च्या आम्हींच मांडल्या होत्या. व्याही मंडळींस मध्यें बसविण्याच्या नादांत आईची खुर्ची टोंकास गेली आणि सर्वांच्या पुढें सरकली. "मामा, आजीला खिडकीकडे मध्यें घेऊं या का?" असें त्या मुलानें विचारलेंही होतें. "पानें वाढलीं आहेत, असेंच घे," हें उत्तर आमचें. सर्वांचे टोमणे त्यानें ऐकले, पण हें कोणासही सांगितलें नाहीं. आम्हीं तांबडी पेन्सिल खालीं ठेवली.

साखरपुड्यास आपण वाङ्निश्चय म्हणतों. म्हणजे वाणीनें केलेला निश्चय. शब्द कांहीं चित्रांत उमटत नाहीं. उमटतात तीं तो शब्द ऐकणाऱ्यांचीं मुखें. तेच त्या वचनाचे साक्षी. त्यांतील सर्वांत वडील साक्षीच ओळखूं येऊं नये, याहून मोठें न्यून तें कोणतें?

त्याच सकाळीं दिवे मालवून आईला माजघराच्या खिडकीशीं बसविलें. उजेड एका बाजूनें आला, सुरकुत्या न सुरकुत्या बोलूं लागली. भाच्यानें डोळ्यांवर नेम धरला आणि एकच फोटो काढला. पुढच्या रविवारीं वधूवरांस घेऊन तो भल्या पहाटे गणपतीच्या घाटावर गेला. "इकडे पाहा, हसा" असें न म्हणतां त्यानें त्यांस पायऱ्यांवरून चालावयास सांगितलें आणि कांदेपोह्यांच्या दिवशीं एकमेकांविषयीं खरें काय वाटलें तें विचारलें. मग हसूं मागावें लागलें नाहीं.

वैशाखांत लग्न झालें. आदल्या दिवशीं मुहूर्ताच्याच वेळीं कार्यालयांत जाऊन त्यानें उजेड पाहून ठेवला, गुरुजींकडून क्रम लिहून घेतला. त्याच्या यादींत पहिली ओळ होती: "आजी, खिडकीपाशीं, सर्वांच्या मध्यें." शेवटची ओळ आमच्याविषयीं: "मामांनीं घाई करूं नये." आम्हीं ती निमूटपणें पाळली.

तो फोटो आतां माजघरांत लावला आहे. आईनें चष्मा न सांवरतांच बोट ठेवलें आणि म्हणाली, "हं, ही मी."