फुटाचा इंच

बाहुलीचं घर करायचं तर आधी एक हिशेब पक्का करावा लागतो: फुटाचा इंच. खरं दार सहा फुटांचं असेल तर बाहुलीचं सहा इंचांचं. हौसेनं बाहुलीघरं करणारे जगभर बहुतेक याच मापानं चालतात. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यात राणी मेरीसाठी केलेलं बाहुलीघर आहे, तेही याच मापाचं. १९२४ साली ते पूर्ण झालं. ज्या एडविन ल्युटेन्सनं नवी दिल्ली आखली, त्यानंच ते आखलं. त्यातल्या नळांना गरम आणि गार पाणी येतं, दिवे लागतात, आणि कपाटांत बारीक अक्षरांची खरी पुस्तकं आहेत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. राणीच्या महालाला जे माप, तेच माझ्याही घराला चालणार होतं.

माझं घर म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली. लेकीनं सातव्या वाढदिवसाला बाहुलीचं घर मागितलं, तेव्हा आम्ही दुकानात जाऊन आलो. तिथली घरं गुलाबी प्लास्टिकची, उतरत्या छपराची, शेकोटी असलेली. लेकीनं सगळी पाहिली आणि म्हणाली, "आई, तू लहान होतीस ना, तेव्हाचं घर कर."

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. आमची खोली १६० चौरस फुटांची. फुटाचा इंच केला की १६० चौरस इंच. आईबाबा, आजी, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून शिकायला आलेला काका, एवढी माणसं जिच्यात वाढली ती खोली सुपात मावत होती. त्या आकड्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसले.

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, फेव्हिकॉल, आइस्क्रीमच्या काड्या, पॉलिशपेपर. एवढ्यावर सुरुवात झाली. पुठ्ठा नेहमी दुहेरी घ्यावा आणि दोन थरांच्या रेघा एकमेकींना आडव्या याव्यात, नाहीतर पावसाळ्यात भिंती पोक काढतात. वजनाखाली रात्रभर ठेवावा. मी तांदळाचा डबा ठेवला.

भिंतींना खाली हिरवा आणि वर पांढरा रंग दिला. कोपऱ्यात मोरी, तिला बोटभर उंचीचा कठडा. खोकल्याच्या औषधाच्या मापाचं टोपण झालं पाण्याचं पिंप. आइस्क्रीमच्या काड्यांचा पोटमाळा केला, त्यावर चढायला शिडी. काडेपेटीच्या आठ खणांचं कपाट झालं. मांडणीसाठी तांब्याची तार वाकवली आणि तिच्यात आईच्या जुन्या साडीच्या चंदेरी टिकल्या ओळीनं उभ्या केल्या. ही आमची स्टीलची ताटं. दर शनिवारी ती घासायचं काम माझं होतं. टिकल्या लावताना बोटांना ते आठवत होतं.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हवाच होता. बाजारात त्या मापाची चौकट कुठून मिळणार? मग भावाच्या जुन्या वहीतलं टपालाचं तिकीट आठवलं. साधारण इंचभर उंच, म्हणजे बाहुल्यांच्या जगात फूटभराचा फोटो. आमच्या भिंतीवरचा जवळजवळ तेवढाच होता. तिकिटाला काड्यांची चौकट केली आणि आई ज्या उंचीवर हार घालायची, त्या उंचीवर लावलं. आई पाहायला आली तेव्हा तिनं पदरानं ते तिकीट हलकेच पुसलं. त्यावर धूळ नव्हती.

खाट एकच केली, कारण आमच्याकडे एकच होती. बाहुल्यांमधले बाबा तिच्यावर निजवले. लेकीला ते पटेना. "सकाळ झालीय, उठव त्यांना." मग मी तिला रातपाळी सांगितली. गिरणीतून सकाळी येणारे बाबा, त्यांच्या केसांत अडकलेला कापूस, आणि ते झोपलेले असताना दबक्या आवाजात पाढे म्हणणारे आम्ही. ती ऐकत राहिली. मग तिनं खाटेच्या बाजूच्या छोट्या खिडकीला फडक्याचा पडदा लावला आणि बाकीच्या बाहुल्यांना तोंडावर बोट ठेवून बजावलं.

बऱ्याच बाहुलीघरांना पुढची भिंत नसते. आत हात जावा म्हणून ती बाजू मोकळी ठेवतात. आमच्या खोलीच्या बाबतीत यात काही खोटं नव्हतं. चाळीत दार लागायचं ते रात्री झोपताना. दिवसभर उघड्या दारातून मधल्या पॅसेजचा वारा, वास, भांडणं आणि हाका आत येत राहायच्या. कुणाकडे बोंबील भाजले जातायत आणि कुणाच्या पोराला ताप आहे, हे न विचारता कळायचं.

पंधरा दिवसांनी घर तयार झालं. लेकीनं नीट पाहिलं आणि उंबऱ्याबाहेर भोपळ्याच्या बिया मांडायला सुरुवात केली. त्या चपला होत्या. माप बिनचूक, बाहुल्यांच्या जगात सात इंचांच्या आसपास. तिनं सहा जोड ठेवले. आत बाहुल्या चारच होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "दोघी शेजारच्या आल्यात." मग थोडं थांबून, "पण त्यांचं घर कुठंय?"

तिचं म्हणणं खरं होतं. ज्या काळात राणीचं बाहुलीघर बांधलं जात होतं, त्याच काळात मुंबईत या चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळीत ८० खोल्या. मी मात्र एक खोली करून तिला घर म्हणत होते. दूध उतू जाताना धावत येऊन गॅस बंद करणारी मावशी त्यात नव्हती. वाटीभर साखर मागायला आणि वाटीभर कालवण द्यायला जिथे जायचं, तो दरवाजाच मी केला नव्हता. पोटमाळ्याची शिडी चार वेळा पुन्हा केली, आणि एवढी मोठी गोष्ट माझ्याकडून राहिली.

वरळीला जुन्या खोल्यांच्या बदल्यात आता ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. आईला लिफ्ट हवी आहे, घरातलं स्वतःचं संडास-बाथरूम हवं आहे, आणि तिला ते मिळायलाच हवं. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहण्यात काही गोड नव्हतं. म्हणून बाहुलीच्या चाळीत मी रांग केली नाही. शेजार मात्र करायचं ठरवलं.

दुसरी खोली लेकीच्या मैत्रिणीनं बुटांच्या खोक्यातून केली. तिच्यात तिच्या आजीचं शिवणयंत्र आहे, दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचं. तिसरी आमच्या वॉचमनच्या मुलानं केली. तिला छपराऐवजी निळी ताडपत्री आहे, कारण त्याच्या गावच्या घराला तशीच आहे. आम्ही काही बदललं नाही. सगळ्या खोल्यांच्या समोर पुठ्ठ्याची एक लांब पट्टी टाकली, तो पॅसेज.

आता पाच खोल्या झाल्या आहेत. पॅसेजमध्ये भोपळ्याच्या बियांचे चौदा जोड आहेत, आणि सहाव्या खोलीचा पुठ्ठा तांदळाच्या डब्याखाली वाळतो आहे.